‘दोनदा मारलं की येतं’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर घाटात कलंडलेल्या टेम्पोची चार ओळींची बातमी होती. ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ हे वाक्य मी चाळीस वर्षं वाचतोय. गावाचं नाव बदलतं, जखमींचा आकडा बदलतो, वाक्य तेच. वाईला सुरूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता मुलगा बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून बसतो. सगळी हयात टेम्पो-ट्रकखाली आडवं पडून गेली, म्हणून त्या वाक्यावर लिहायला बसलो. मी सांगतोय आणि नात मोबाइलवर टाइप करतेय. लांबलं तर कापा, पण पेडलचं तेवढं ठेवा.

ब्रेक असे एकाएकी जात नाहीत. गंजलेला पाइप फुटला, तर जातात, नाही असं नाही. पण माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत तसं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल. बाकीच्या गाड्यांचं पेडल आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस आधीपासून सांगत होतं, आणि ड्रायव्हरला ते कळतही होतं. गॅरेजला आल्यावर तो काय बोलणार ते मला तोंडपाठ आहे. “मिस्त्री, पेडल जरा खाली जातंय. पण दोनदा मारलं की येतं.” हे ‘पण’ फार वाईट. त्या ‘पण’वर गाडी आणखी महिनाभर चालते.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी अपघातातल्या ड्रायव्हरला एवढं एकच विचारावं: आदल्या दिवशी पेडल कसं होतं? काय उत्तर आलं ते छापावं. ‘निकामी’ हा शब्द नंतर लिहिता येईल.

माझं बोलणं जुन्या टाटा ४०७ वर बेतलेलं आहे. ही गाडी १९८६ साली आली आणि आमच्या भागातली भाजी, दूध, वाळू, मंडपाचं सामान, वऱ्हाड, सगळं तिनंच वाहिलं. जुन्या मॉडेलला पुढंमागं ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, ज्याला आतून ‘शू’ दाबले की चाक थांबतं, ऑइलचे ब्रेक, आणि पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर. साधी, सरळ गाडी. तिच्या ब्रेकची निम्मी तपासणी जागेवर बसून, एकही पाना न लावता होते. माझे उस्ताद त्यासाठी चप्पल काढायला लावायचे. बुटाच्या तळव्याला पेडलचं काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मीही मग पोरांना तेच शिकवलं. हिवाळ्यात सकाळी अनवाणी पाय त्या थंड लोखंडावर ठेवायला पोरं कुरकुरायची.

तर ‘दोनदा मारलं की येतं’ म्हणजे काय? पहिल्या दाबाला पेडल फळीपर्यंत गेलं आणि दुसऱ्याला वर येऊन भिंतीला पाय लावल्यासारखं टणक थांबलं, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, झिजलेत. शू आवळले, झिजलेले लायनर बदलले की काम झालं. पण वर येऊनही ते ओल्या गादीवर पाय दिल्यासारखं दबत राहिलं, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते. मग एकानं पेडल मारून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा हवा काढायचा निपल सोडायचा, बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत घ्यायचं, निपल आवळायचा आणि त्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. पेडलच्या जोरानं ऑइल पुढं ढकलतो तो मास्टर सिलिंडर; सुरुवात त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. वरच्यानं घाईनं पाय उचलला की बाहेर काढलेली हवा परत आत. नवरा-बायकोत व्हावीत तशी भांडणं मी या कामात झालेली पाहिली आहेत.

हवा काढूनही गादी तशीच राहिली, तर चाकाजवळचे रबरी पाइप मुठीत धरायचे आणि वर एकाला पेडल दाबायला सांगायचं. जुना पाइप हातात फुगलेला कळतो.

दुसरी तऱ्हा अशी की पेडल वर असतं, टणक असतं, पण सिग्नलला पाय ठेवून थांबलं की मुंगीच्या पावलानं खाली सरकत जातं. हे पेडल गॅरेजमध्ये फसवतं, कारण मिस्त्री ते जोरात दाबतो. जोरात दाबलं की मास्टर सिलिंडरमधला रबरी कप फाकून नळीला घट्ट चिकटतो आणि पेडल जागच्या जागी उभं राहतं. हलक्या पायानं दाबून घड्याळात मिनिटभर बघावं, मग ते खरं काय ते दाखवतं. ऑइल कुठंही गळत नाही, चाकं आतून कोरडी, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी तशीच, आणि तरी पेडल खाली. इथं नातीनं टाइप करायचं थांबवून विचारलं, “आबा, गळत नाही तर जातं कुठं?” माळ्यावरून तिची रंगपंचमीची जुनी पिचकारी काढली. वायसर वाळलेला. पाणी भरून तोंडाला बोट लावलं आणि तिला दांडा ढकलायला सांगितलं. पाणी बोटाकडं न जाता दांड्याच्या मागून तिच्या मनगटावर आलं. कप झिजला की मास्टरमध्ये हेच होतं. ऑइल कपाच्या पुढं दाबलं जायचं ते मागं निसटतं आणि परत डबीत जातं.

डबीतली पातळी उतरतेय आणि तरीही बाहेर ओल नाही, असंही होतं. तेव्हा मास्टरचे नट सोडून तो बूस्टरपासून जरासा पुढं ओढावा. मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरच्या पोटात जात असतं. बाहेरून शंभर वेळा बघितलं तरी दिसायचं नाही.

आणि पेडल दगडासारखं, गाडी मात्र थांबत नाही, अशी तक्रार असेल तर आधी बूस्टरकडं बघायचं. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारायचं म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करायचं. बूस्टर धड असेल तर पेडल पायाखाली बोटभर खाली जातं. नाही गेलं तर व्हॅक्यूम पोचत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम देत नाही, म्हणून या गाडीला अल्टरनेटरच्या पाठीवर वेगळा पंप असतो. तो पंप, त्याचा पाइप, मधला एकतर्फी व्हॉल्व्ह, बूस्टरचा पडदा, या क्रमानं बघत जायचं. पडदा फाटला असेल तर पेडल दाबताना पायापाशी फुस्स आवाज येतो. रेडिओ बंद असेल तर ऐकू येतो. बूस्टर ठीक असूनही पेडल टणक आणि गाडी एका अंगाला ओढतेय, तर हबचं सील जाऊन लायनरवर ग्रीस आलंय का किंवा चाकातला शू ढकलणारा एखादा व्हील सिलिंडर जाम झालाय का, ते ड्रम काढून बघायचं.

एवढं सगळं माहीत असूनही एक गाडी माझ्यामुळं मरता मरता वाचली. ते सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं सांगण्याला अर्थ नाही.

२००४ सालचा स्ट्रॉबेरीचा हंगाम. भिलारकडचा एक जण स्वतःची ४०७ चालवायचा, रोज माल घेऊन पसरणी घाटानं वाईला उतरायचा. जानेवारीत आला, “मिस्त्री, पेडल खाली जातंय, पण दोनदा मारलं की येतं.” गाडीत माल, गिऱ्हाइकाला घाई. चारी बाजूंचे शू आवळायला निदान तासभर लागला असता. मी काय केलं, पेडलपासून आत जाणारी दांडी दोन आटे लांब केली. पेडल लगेच वर आलं. तो खूश, मी चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पंधरा दिवसांनी परत हजर. आता म्हणतो, “वर पाचगणीत दगडासारखं असतं, खाली वाईत येईपर्यंत लोण्यासारखं होतं.” मी बसून दाबलं तर पेडल छान. येऊन, चहा पिऊन, मला शोधेपर्यंत ब्रेक गार झालेले असायचे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मास्टरचं किट बदललं, हवा काढली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा हवा काढली. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, “चल, मीच बसतो शेजारी.”

वरून भरून निघालो. पहिली खूण मला पाचगणी सुटल्या सुटल्या मिळाली होती आणि मी ती सोडली. हलक्या उतारावर तो ॲक्सिलरेटर देत होता. भरलेली गाडी उतारावर आपोआप पळायला हवी, ही ढकलावी लागत होती. “माल आहे ना,” तो म्हणाला आणि मी मान डोलावली. बुवासाहेब मंदिराच्या आसपास लायनर जळाल्याचा वास आला. आणखी दोन वळणं खाली आलो आणि पेडल फळीला टेकलं. तो समोर बघतच मला म्हणाला, “दोनदा मारलं की येतं.” दोनदा मारलं. तीनदा, चारदा. नाही आलं. मी ओरडलो, “दुसरा टाक!” त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये घातली, इंजिन किंचाळलं, मी हँडब्रेक ओढला आणि त्यानं डावीकडं डोंगराच्या चरात गाडी घातली. मागून क्रेट सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. खाली उतरून ड्रमवर पाणी शिंपडलं तर चुर्र झालं. अर्ध्या तासानं पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं! कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी रस्त्यावर ब्रेक मारत मारत फिरवली, तापवली, आणि लगेच जॅक लावला. मागचं चाक हातानं हलेना. मग मास्टरला लागलेल्या पाइपचा नट जरासा सोडला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. इथं निवाडा झाला. पाइप मास्टरपाशी सोडून चाक सुटलं तर दोष मास्टरकडं. तिथं सोडून सुटलं नसतं आणि चाकाच्या निपलला सोडून सुटलं असतं, तर रबरी पाइप आतून मिटलाय असं समजायचं.

मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलला की पिस्टन त्याच्या मागं येतो आणि लाइनमधलं ऑइल त्या भोकातून डबीत परततं. त्यासाठी पेडलला वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल लागते, बोटानं दाबलं तर लगेच जड न लागता जरा पुढं जाईल इतकी. मी दोन आटे लांब केलेली दांडी पिस्टनला पुढंच धरून बसली होती. भोक बंद. ऑइल तापून फुगायचं, परत जायला वाट नाही, म्हणून शू ड्रमला घासत राहायचे, त्यानं आणखी तापायचं. म्हणून वर पेडल दगडासारखं. आणि घाट निम्मा उतरेपर्यंत ऑइल उकळून त्याची वाफ, म्हणून खाली लोणी.

त्यात भर माझ्या डब्याची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. मी वापरलेला डबा पावसाळ्याआधी फोडलेला होता आणि पाचगणीच्या पायथ्याचा पाऊस त्यानं सैल टोपणानं काढला होता. शिवाय बाटलीत निघालेलं ऑइल गाळून परत डबीत ओतायचो. तेव्हा आमच्यात बरेच जण ओतायचे. अर्धा लिटरचा डबा आज दोन-अडीचशेला मिळत असेल, आणि गाडीच्या हॉर्नवर लोक हजार-हजार घालतात. डबीत इंजिन ऑइल ओतणारे, साबणाचं पाणी ओतणारेही भेटलेत. इंजिन ऑइलनं आतले कप भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

ही गोष्ट इतकी उगाळून सांगायचं कारण म्हणजे ते अर्ध्या तासानं परत आलेलं पेडल. समजा त्या दिवशी चर मिळाला नसता. पंचनामा झाला असता, दोन तासांनी कुणीतरी ब्रेक तपासले असते आणि लिहिलं असतं, ‘ब्रेक सुस्थितीत’. ड्रायव्हर खोटारडा ठरला असता. ब्रेक गेले होते हेही खरं आणि तपासताना चांगले होते हेही खरं. पासिंगलाही हेच. आठ वर्षांवरची मालवाहू गाडी दर वर्षी फिटनेसला जाते, पण जाते ती रिकामी आणि ब्रेक गार असताना. घाट उतरून आलेल्या भरल्या गाडीचं पेडल तिथं कुणी दाबत नाही.

उलटंही घडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याला नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकनं कितीतरी वाहनांना उडवलं. पहिल्या दिवशी बातमी ब्रेक फेलची. नंतर तपासात आलं की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, ती हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर भरतो, आणि इंजिन बंद म्हणजे प्रत्येक दाबाला साठा कमी होत जाणार. गिअरमध्ये इंजिन गाडीला अडवून धरतं, तेही नाही. त्या गाड्यांत पेडलपेक्षा हवेच्या दाबाचा काटा बोलतो. इंजिन बंद करून पेडल दाबून धरा आणि डॅशवरचा काटा बघा, तो दिसत्या डोळी उतरत असेल तर हवा कुठंतरी गळतेय. हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी रोज सकाळी सोडायचं असतं. किती जण सोडतात ते सुरूर फाट्यावरच्या ढाब्यावर उभं राहून मोजा. मी मोजलंय, आकडा लिहीत नाही.

म्हणून म्हटलं, तो एक प्रश्न विचारा. जोडीला हेही विचारा की गाडी कितव्या गिअरमध्ये होती, आणि ब्रेकला शेवटचा हात कुणी लावला होता. तिसऱ्या प्रश्नाला मिस्त्रीचं नाव येईल. येऊ दे.

ज्या टेम्पोची बातमी होती तो मी परवा येता-जाता पाहिला, पोलीस ठाण्याच्या आवारात कडेला लावलाय. ब्रेक ऑइलच्या डबीला टोपण नाही, चिंधी कोंबलेली आहे. ती चिंधी अपघाताआधीची की नंतरची, हे आज विचारलं तर ड्रायव्हर सांगू शकेल. पाऊस सुरू झाल्यावर त्या डबीत जे सापडेल त्याला कशालाच पुरावा म्हणता यायचं नाही.

आपला,
वाईचा एक जुना मिस्त्री

ता. क. नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. मुलगा म्हणतो, गिऱ्हाइकं येऊन दोन आट्यांचं विचारत बसतील.